दाखल्यांची फाईल आणि मुलांची झोप

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधल्या दवाखान्यांत एक ठराविक गर्दी सुरू होते. सतरा-अठरा वर्षांची मुलगी आणि सोबत तिची आई. ताप नाही, खोकला नाही. डोके दुखते, पोटात गोळा येतो, सकाळी उठल्याबरोबर मळमळते, जेवण जात नाही, रात्री झोप लागत नाही. आई म्हणते, "डॉक्टर, हिला एक सलाईन लावा, अंगात ताकदच राहिली नाही." सलाईन लागते, मजुरीचा एक दिवस त्यात जातो, आणि दुसऱ्या दिवशी पोटातला गोळा जागच्या जागी. सलाईनच्या बाटलीत मीठ-पाणी असते, फार तर थोडी साखर. जुलाब-उलट्यांनी ज्याच्या अंगातले पाणी गेले त्याला ती जीवदान देते. जिच्या पोटात प्रवेशाच्या यादीची भीती बसली आहे तिला तिचा काही उपयोग नाही.

ही दुखणी नाटकी नसतात. धोका दिसला की आपले शरीर पळायच्या तयारीला लागते. छाती धडधडते, हातापायांकडे रक्त वळते, पोटाचे काम मंदावते. समोर कुत्रा धावून आला तर हे पाच मिनिटांत उतरते. पण धोका जर "पहिल्या यादीत नाव आले नाही तर?" असा असेल तर तो दोन-दोन महिने उतरत नाही. मग पोट बिघडते, डोके चढते, झोप जाते. मुलगी खोटे बोलत नाही, तिचे शरीर खरेच थकलेले असते.

अशा मुलांशी आई-वडिलांना बाहेर बसवून दहा मिनिटे बोलले की अभ्यासाची गोष्ट फार थोडी निघते. निघते ती कागदांची. व्हॅलिडिटी अजून आली नाही. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा आहे. टीसीवर आडनाव एक आणि आधारवर दुसरे. फॉर्मची शेवटची तारीख परवा आहे. पप्पांना सांगितले तर ते चिडतात, मम्मीला सांगितले तर ती रडते. तहसील, कॉलेज, सायबर कॅफे आणि बँक हे सगळे सतराव्या वर्षी एकट्याने सांभाळायचे, आणि वर घरच्यांनाही धीर द्यायचा. पोटात गोळा येणार नाही तर काय होईल?

आपल्या अनेक घरांत कॉलेजचे तोंड पाहणारी हीच पहिली पिढी आहे. म्हणून आई-वडील हात जोडून बाजूला होतात. "आम्हाला यातले काय कळते, तुझे तूच बघ." हे ते विश्वासाने म्हणतात. मुलाला मात्र त्यातून एवढेच कळते की आता आपल्या मागे कोणी नाही. प्रवेशाच्या कामाचे दोन भाग पाडा. कोणती शाखा, कोणते कॉलेज, पसंतीक्रम काय, हा भाग मुलाचा. दाखले गोळा करणे, रांगेत उभे राहणे, तारखा लिहून ठेवणे, झेरॉक्स काढणे, हा भाग इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही जमतो, आणि तो मोठ्यांनी उचलावा. आरोग्याच्या पानावर तहसील कचेरीची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. मुलांची झोप त्या कचेरीत अडकलेली असते, म्हणून.

पणजोबांचा कागद

सगळ्यात जास्त झोप उडवते ती जात प्रमाणपत्र पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर ती लागतेच. ती देते जिल्ह्याची जात प्रमाणपत्र पडताळणी समिती. ती निकाल लागल्यावर करायची गोष्ट नव्हे. मुलगा अकरावी सायन्सला गेला त्याच वर्षी कॉलेजचे पत्र घेऊन अर्ज करावा. बारावीच्या निकालानंतर अर्ज करणाऱ्यांची एकच झुंबड उडते आणि समितीपुढे फायलींचा ढीग लागतो.

अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते. कुटुंब त्या दिवशी कुठे राहत होते आणि त्या आधीच्या नोंदीत जात काय लिहिली आहे, हे पाहतात. आता विचार करा. मुलगी २००८ ची, बाप १९८० च्या आसपासचा, आजोबा पन्नाशीच्या दशकातले. म्हणजे कागद हवा पणजोबांचा. आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्यांची नावे शाळेत पडली, त्यांच्या दाखल्यावर अनेकदा नुसते "बौद्ध" लिहिलेले असते. मूळ जातीची नोंद त्याच्या मागच्या पिढीत शोधावी लागते. पणजोबा शाळेत गेले नसतील तर गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्याची नक्कल तहसील कार्यालयातून मिळवावी लागते. जात प्रमाणपत्रही त्या वेळी घराणे जिथे राहत होते त्या भागाच्या प्रांत कार्यालयातून निघते. मुंबईत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला म्हणूनच साताऱ्याला, रत्नागिरीला किंवा जालन्याला जावे लागते.

हे काम सतरा वर्षांच्या मुलीने करायचे? तिला तर गावातले कोणी ओळखतही नाही. हे काम बापाचे, काकांचे, आत्याचे. मे महिन्यात लग्नाला, जत्रेला गावी जाताच, त्यातले दोन दिवस या कामाला द्या. आत्याचा शाळा सोडल्याचा दाखलाही चालतो, कारण ती वडिलांच्या रक्ताची. वडील वारले असतील, किंवा घर सोडून गेले असतील, तर अशा आईला सासरच्या दारात कागद मागायला जावे लागते. तिच्या मनावर काय गुजरते ते तिलाच ठाऊक. तिच्याबरोबर भावकीतला किंवा विहारातला कोणी जाणता माणूस पाठवणे, हे मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा मोठे काम आहे असे मी समजते.

वंशावळीचे प्रतिज्ञापत्र लागते. जातीच्या, उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्यांसाठी करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालते. कोणी पाचशेचा स्टॅम्पपेपर आणायला सांगितला तर आधी विचारा, कशासाठी? केंद्र सरकारच्या संस्थांत, आयआयटीत किंवा नीटच्या देशपातळीवरच्या कोट्यात अर्ज करायचा असेल, तर केंद्राच्या नमुन्यातला अनुसूचित जातीचा दाखला वेगळा काढावा लागतो. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण फॉर्मचा नमुना चुकला की खिडकीवरून परत पाठवतात. दाखला देणाऱ्या कचेरीत "राज्याचा आणि केंद्राचा, दोन्ही द्या" असे एकाच खेपेत सांगा.

घरात एक फाईल करा. प्लास्टिकची, चेनची, पावसात भिजणार नाही अशी. तिच्यात मूळ कागद, प्रत्येकी पाच झेरॉक्स, फोटो, आणि एका वहीत तारखा. ती फाईल कुठे आहे हे घरातल्या दोन मोठ्यांना माहीत असावे. पासवर्ड आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो तो मोबाईल रिचार्ज केलेला असावा. ऐन अर्जाच्या रात्री बंद पडलेल्या सिमकार्डापायी घरात काय आकांत होतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वाक्य क्षुल्लक वाटणार नाही.

एका खोलीतली झोप

तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. या वयात शरीराचे घड्याळच थोडे पुढे सरकते, रात्री उशिरापर्यंत डोळा लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. तो आळस नव्हे. पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे, अकरापर्यंत टीव्ही, पहाटे चारला नळाचे पाणी, त्यात ती मुलगी कधी झोपणार?

रामजी सुभेदारांची गोष्ट आपण सगळे जाणतो. परळच्या चाळीत जागा इतकी अपुरी की ते भीमरावांना लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग त्यांना अभ्यासाला उठवून आपण त्या जागी आडवे होत. ही गोष्ट आपण कष्टाची आणि त्यागाची म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण तिच्यात आणखी एक शहाणपण आहे. मुलाने आधी झोप घेतली, मग अभ्यास केला. खोली एकच होती, तर बापाने तिचे वेळापत्रक केले. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या त्या मुलामागे जागे राहणारे एक मोठे माणूस होते. आज आपण नेमके उलटे करतो. मुलगा जागतो आणि बाप टीव्हीसमोर घोरतो.

सीईटी आणि प्रवेशाच्या चार महिन्यांसाठी खोलीचे वेळापत्रक करा. टीव्ही साडेनऊला बंद. दिव्याखाली झोपवत नसेल तर डोळ्यांवर ओढणी, कानात कापूस. पाण्याची पाळी त्या काळात बापाने किंवा भावाने घ्यावी. शेजारच्या आजींची खोली दुपारी रिकामी असते, त्यांना विचारा, आजी नाही म्हणणार नाहीत. विहारात अभ्यासिका असेल तर उत्तम. नसेल तर विहाराची जागा संध्याकाळी सात ते दहा मुलांना उघडी ठेवता येते, त्याला एक ट्यूबलाईट आणि एक सतरंजी पुरते. मुली परत येताना सोबत कोण असेल तेही त्याच वेळी ठरवा, नाहीतर अभ्यासिका मुलांचीच होऊन बसते.

एक कडू गोष्टही सांगते. जयंती एप्रिलमध्ये येते आणि सीईटी, नीट, जेईईचे दिवसही एप्रिल-मेचेच. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला कायद्यानेच बंदी आहे. सरकार काही दिवसांना सूट देते, पण सूट मिळाली म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही. ज्या गल्लीत चार मुले परीक्षेला बसली आहेत तिथे मंडळाने डीजे नऊला बंद केला तर बाबासाहेबांचा मान कमी होत नाही.

रात्री बारा-एकला मोबाईलवर प्रवेशाची साईट पुन्हा पुन्हा उघडून पाहण्याची सवय मुलांना लागते. यादीची तारीख आधी जाहीर झालेली असते, त्यामुळे रात्रभर पाहून ती लवकर लागत नाही. त्या दिवशी घरातल्या मोठ्याने ठरलेल्या वेळी मुलासोबत बसून पाहावी आणि बाकी दिवस फोन रात्री दहाला आईच्या उशाशी ठेवावा. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. टपरीवर मिळणारी एनर्जी ड्रिंक तर नकोच. २५० मिलीच्या एका बाटलीत साधारण ७० ते ८० मिलिग्रॅम कॅफिन असते, आणि लहान मुलांसाठी नाही असे त्या बाटलीवरच बारीक अक्षरांत छापलेले असते. छातीतली धडधड घेऊन आलेल्या मुलांना मी आधी हेच विचारते, रोज काय पितोस?

मुलगी शेवटी जेवते

लक्ष लागत नाही, वाचलेले राहत नाही, जिना चढताना दम लागतो, अशी मुलींची तक्रार असेल तर ती ताण म्हणून सोडून देऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर मेंदूलाही प्राणवायू कमी पडतो, मग कितीही जागून वाचा. पालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. मुलींना आणि मुलांनाही आठवड्यातून एकदा घ्यायची लोहाची निळी गोळी सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळते. गोळीने शौचाला काळसर होते, मळमळते, म्हणून मुली ती टाकून देतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. मात्र त्यावर लगेच चहा पिऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू असेल तर जास्त लागते.

महागड्या पावडरी आणू नका. सुकट, अंडे, हरभरे, मोडाची मटकी, शेंगदाणे-गूळ, पालेभाजी, कधी कलेजी, यांत सगळे आहे. प्रश्न पदार्थांचा कमी आणि वाटपाचा जास्त आहे. बाप आणि भाऊ जेवून उठल्यावर मुलगी आणि आई बसतात, तोवर रस्सा उरतो आणि अंडी संपतात. या चार महिन्यांत तरी तिला पहिल्या पंगतीला बसवा. सेतूच्या, कॉलेजच्या रांगेत जाताना रिकाम्या पोटी पाठवू नका. बाटलीभर पाणी आणि दोन चपात्यांचा डबा द्या. पाळी चालू असताना तिला उन्हात चार तास उभे करण्यापेक्षा त्या दिवशी रांगेत आईने उभे राहावे. सही करायची वेळ आली की तिला बोलावून घ्यावे.

फ्लेक्सवर ज्यांचा फोटो नाही

निकालानंतर नाक्यावर अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. ८५ टक्के, ९१ टक्के, नीट पास. लागायलाच हवेत, आपल्या पोरांचे कौतुक आपण नाही करायचे तर कोणी? पण त्याच फ्लेक्सखालून ५२ टक्के मिळालेली मुलगी रोज दळणाचा डबा घेऊन जाते. तिने आईसोबत भांडी घासून, धाकट्याला सांभाळून ते ५२ मिळवलेले असतात. घरी आल्यावर तिला "त्या अमक्याच्या पोराला बघ" असे ऐकवले, तर ती त्या रात्री जेवत नाही. आपल्याकडे मुलावर नुसत्या घराची नव्हे, साऱ्या समाजाची आशा असते. "आपल्या गल्लीतला पहिला डॉक्टर" हे ऐकायला गोड, पण खांद्याला जड.

म्हणून पसंतीक्रम भरताना मोठ्यांनी हात आखडता घ्यावा. मुलाला इतिहास आवडतो आणि बापाला इंजिनिअर हवा, अशा घरातला मुलगा पहिल्या वर्षाला चार विषयांत नापास होऊन परत आलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. प्रश्न जरूर विचारा. हे शिकून पुढे काय? कॉलेज किती लांब? येण्याजाण्याचा खर्च किती? उत्तर नसेल तर दोघांनी मिळून शोधा. अकरावीच्या ऑनलाईन प्रवेशात १० पर्यंत पसंती देता येतात, आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. पहिला क्रमांक शेजाऱ्याच्या सांगण्यावरून भरायचा नसतो, तो याचसाठी. नियम दरवर्षी थोडे बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. तुम्हालाही कळेल, आणि त्याचाही धडा पक्का होईल.

आणखी एक वाक्य मुलांना कॉलेजच्या खिडकीवर, क्लासमध्ये, व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऐकू येते. "तुम्हाला काय, कोट्यात सीट मिळणारच." ते ऐकून मुले घरी काही बोलत नाहीत. काही मुले जात लपवतात, काही तर शिष्यवृत्तीचा फॉर्मही भरत नाहीत, कारण वर्गात नाव पुकारले जाईल. हा घाव आतल्या आत वाहत राहतो आणि झोपेवर, भुकेवर निघतो. मुलाला हे पहिल्यांदा बाहेर ऐकू येण्याआधी घरात बोललेले असावे. राखीव जागा म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे, तो संविधानाने दिलेला हक्क आहे. तूही तीच परीक्षा दिलीस, तोच पेपर सोडवलास, आणि तो दहा बाय बाराच्या खोलीत बसून सोडवलास. असे आई-बापाच्या तोंडून एकदा स्पष्ट ऐकलेले मूल बाहेरच्या टोमण्याने इतके खचत नाही. कॉलेजात गेल्यावर त्रास देणे, रॅगिंग सुरू झाले तर १८००-१८०-५५२२ हा देशभराचा नंबर आहे, तो वहीत लिहून ठेवा.

नाव आले नाही तर

यादीत नाव येत नाही तेव्हा पहिला एक तास महत्त्वाचा. त्या तासात शिव्या नकोत, रडारड नको, नातेवाइकांना फोन नकोत. भात-वरण वाढा आणि जवळ बसा. पुढच्या फेरीचे उद्या बघता येते. नापास झालेल्यांसाठी बोर्डाची पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्येच होते, वर्ष वाया जायलाच हवे असे नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. आयटीआय आहे, नर्सिंग आहे, आणि काम करत शिकायचे तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. घाबरलेल्या बापाला गाठून "मॅनेजमेंटमधून सीट काढून देतो, आजच्या आज पन्नास हजार आणा" म्हणणारे लोक याच दिवसांत फिरतात. बचत गटाचे कर्ज किंवा आईची पोत अशा माणसाच्या हातात देऊ नका.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मुलगा उदास असेल, आवडीच्या गोष्टी सोडल्या असतील, आंघोळ-जेवण टाळत असेल, मित्रांना भेटत नसेल, "माझा काही उपयोग नाही", "मी नसतो तर बरे झाले असते" असे बोलत असेल, किंवा आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने मुलाला बोलायला वाट मिळते. घरातली औषधे, उंदीर-ढेकणाचे विष, फिनेल कुलपात ठेवा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. सरकारी रुग्णालयांतली किशोरवयीन मुलांची मैत्री क्लिनिक आणि मोठ्या रुग्णालयांतला मानसोपचार विभाग हेही आहेत. आणि काही अघटित घडलेच, तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य सेवेच्या २०१७ च्या कायद्यानुसार असे करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते आणि त्याच्यावर खटला भरत नाहीत. एक-एक मिनिट मोलाचे असते.

प्रवेश झाल्यावर

प्रवेश झाला, पेढे वाटले, की घराचा जीव भांड्यात पडतो. पण ताणाचा दुसरा हंगाम सहा महिन्यांनी येतो, फीचा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना महाडीबीटीवर अर्ज करून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत असेल तर. त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्काची माफी. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी हे शुल्क मागू नये, अशा सूचना शासनाने कॉलेजांना वारंवार दिल्या आहेत. मागितलेच तर समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांकडे लेखी अर्ज करा. आई किंवा बापाने सोबत जावे, मुलाला एकट्याने भांडायला लावू नये.

शिष्यवृत्तीचे पैसे आता मुलाच्या आधार जोडलेल्या खात्यात येतात आणि त्यातला फीचा भाग त्याने कॉलेजला भरायचा असतो. इथे घराने स्वतःवर ताबा ठेवायचा आहे. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की छपराचे पत्रे, बहिणीचे बाळंतपण, उसनवारी सगळे आठवते. ते खर्च खोटे नसतात. पण तो पैसा गेला की कॉलेज निकाल अडवते, आणि मुलगा तुम्हाला न सांगता कॉलेजला जाणेच बंद करतो. बाहेरगावी प्रवेश असेल तर सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहात अर्ज करा, राहणे-जेवण मोफत असते. तिथे नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेतून मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. ती थोडी उशिराच येते असे धरून पहिल्या तीन महिन्यांची सोय आधी करून ठेवा, म्हणजे मुलगी मेसचे बिल चुकवण्यासाठी एक वेळ जेवून राहणार नाही.

या धावपळीत आईने स्वतःची बीपीची गोळी चुकवू नये आणि बापाने रांगेच्या टेन्शनमध्ये तंबाखू वाढवू नये, हेही सांगायला हवे. आणि थोरल्या मुलीची व्हॅलिडिटी हातात आली की तिच्या दहा झेरॉक्स काढा. सख्ख्या भावंडाला ती लागतेच, पण वडिलांकडच्या चुलत भावंडांनाही ती पुरावा म्हणून जोडता येते. एक प्रत काकांच्या घरी, एक आत्याच्या माहेरच्या फाईलीत, एक गावी. त्यांच्या घरातले पोर पुढच्या वर्षी बारावीला असेल.